गुरुवारच्या खोलीतला शांतवनदादा

शांतवनदादा प्रार्थनेत डोळे मिटत नसे.

जालन्यातल्या एका कॉलेजात मी पहिल्या वर्षाला आलो, त्या जुलैत वसंत भालेराव मला गुरुवारी दुपारचे वर्ग सुटल्यावर वनस्पतिशास्त्राच्या खोलीत घेऊन गेला. भिंतींवर पानाफुलांचे तक्ते, मागच्या कपाटात औषधात बुडवलेली मुळं, आणि पुढच्या बाकांवर थोडी मुलं-मुली. आम्हा ख्रिस्ती विद्यार्थ्यांची ती ‘संगती’. आधी एक गीत झालं, मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमच्या आष्टीकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडले तर वडील मागून टपली मारत. इथे वडील नव्हते, म्हणून मी पापण्या किलकिल्या केल्या. समोर खिडकीशी उभा असलेला एक दणकट, सावळा माणूस सरळ माझ्याकडेच बघत होता. मी दचकून डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तो माझ्या शेजारच्या मुलाकडे बघत होता, मग त्याच्या पलीकडच्या मुलीकडे. राखणीला बसलेला माणूस बांधावरून शेतावर नजर फिरवतो, तशी त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरत होती.

सगळं आटोपल्यावर मी वसंताच्या कानाशी लागून विचारलं, हा माणूस डोळे का मिटत नाही? ते त्याने ऐकलं.

“डोळे मिटल्यावर देव दिसतो म्हणतात लोकं,” तो म्हणाला. “मला न्हाई दिसत बाबा. उलट तुम्हीच दिसंनासे होता. मंग मागू कोणासाठी?”

त्याचं पूर्ण नाव शांतवन अवचार. गोदाकाठचा, शहागडच्या बाजूचा. आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने बराच मोठा, म्हणून कॉलेजभर ‘दादा’. वडील गावोगाव पायी फिरून सुवार्ता सांगत. ते दादा शाळेत असतानाच वारले. शाळा सुटली. शेतावर मजुरी झाली, दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून झाली, आणि त्यानंतर, ज्या वयात त्याच्या बरोबरीच्यांची मुलं शाळेत जायला लागली होती, त्या वयात हा पुन्हा शाळेत जाऊन मॅट्रिक झाला. जालन्यात तेव्हा बियाण्यांचा धंदा नुकता जोर धरत होता. अशाच एका गोदामात तो सकाळी बियाणं निवडायला आणि पोती भरायला जाई आणि तिथून थेट वर्गात येई. पहिल्या तासाला त्याच्या केसांत ज्वारीचा कोंडा असे. अर्थशास्त्राच्या तासाला तो पहिल्या बाकावर बसे आणि इतके प्रश्न विचारी, की मागची पोरं कंटाळून पाय घासत. एकदा सर म्हणाले, “अवचार, हे परीक्षेला येत नाही.” दादा म्हणाला, “परीक्षेला न्हाई येत सर, पण आमच्या गावात रोज येतं.”

त्याच्या उघड्या डोळ्यांचा अर्थ मला वसंतामुळे कळला. वसंत आमचा पेटी वाजवणारा. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर त्याची शिष्यवृत्ती अडकली आणि खानावळ बंद झाली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही नाही. त्या गुरुवारी दादाने प्रार्थना संपवली आणि म्हणाला, “वसंता, माझ्या खोलीवर चल जरा. मी पिठलं केलंय, पण त्याला चव आली का न्हाई मला एकट्याला कळंना.” वसंत गेला. दुसऱ्या दिवशी भाकरी नीट भाजली का बघायला बोलावणं आलं, तिसऱ्या दिवशी आणखी काही. शिष्यवृत्ती येईपर्यंत दादाच्या स्वयंपाकात रोज काही ना काही बिघडत राहिलं.

पुढे कधीतरी मी हा विषय काढला तेव्हा दादा म्हणाला, “उपाशी माणसाला ‘जेव’ म्हणलं की त्याची मान खाली जाती. ‘चव पाहून सांग’ म्हणावं. मान वरी ऱ्हाती आन् पोटबी भरतं.”

आता नावांची गोष्ट सांगितली पाहिजे; त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला घरात आणि मंडळीत सगळे दानिएल म्हणत. कॉलेजात मी दिगंबर होतो. मागास जातींतल्या मुलांना तेव्हा फी माफ असे, शिष्यवृत्ती मिळे. पण तीच जात, तीच वस्ती, तेच पत्र्याचं घर ख्रिस्ती झालं की सवलत जायची. म्हणून आमच्यातल्या पुष्कळ घरांनी मुलांना सरकारसाठी एक नाव ठेवलं आणि देवासाठी दुसरं. त्याला कुणी खोटं म्हणेल. आमच्या घरी त्याला शिक्षण म्हणत.

वसतिगृहात माझ्या खोलीत प्रल्हाद खंदारे राहायचा. तो बौद्ध, एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा, बोलायला धारदार. त्याला माझी दोन्ही नावं ठाऊक होती. तो म्हणायचा, “आमच्या लोकांनी धर्म बदलला तरी राज्य सरकारला सवलत द्यावी लागली. भांडून घेतली आम्ही. तुमच्यासाठी कोणी भांडलंच न्हाई. तुम्ही नुसते गाणे म्हणत बसले.” मी चिडत असे. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बराबर बोलला तो. त्याला गुरुवारी घेऊन ये. म्हणावं, दार उघडं हाये.” प्रल्हाद आला. गीत म्हणायचा नाही, मान खाली घालायचा नाही, पण येत राहिला. दादाचे डोळे उघडे, प्रल्हादचेही उघडे. प्रार्थनेभर ते दोघे एकमेकांकडे बघून कधी कधी हसत.

दादाचं मात्र एकच नाव होतं. कॉलेजच्या दप्तरात शांतवन, धर्म ख्रिस्ती. फी तो गोदामातल्या मजुरीतून भरायचा. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात त्याचं नाव घेतलं, विश्वास असावा तर असा, म्हणाले. दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आम्ही सोबत चालत होतो. कुंडलिका नदीच्या पुलावर तो थांबला.

“प्रवेशाच्या वेळी कारकून मला म्हणला होता, शांतवन काय नाव हाये का, शांताराम सांग, सवलत बसंल. माणूस चांगला होता. माझ्या भल्याचंच बोलला.” मग म्हणाला, “माझ्या आधी आईची दोन लेकरं गेल्ती. मी झालो तव्हा तिनं हे नाव ठेवलं. शांतवन म्हंजे दुखावर हात फिरवणं. ते मी पुसलं असतं तर तिला काय वाटलं असतं? एवढंच कारण हाये. त्याच्यात विश्वास-बिश्वास काही न्हाई. माझ्या नावानं तुम्हा पोरांना लाज वाटावी असं कोणी बोललेलं मला बिलकुल चालणार न्हाई.”

माझ्या तिसऱ्या, म्हणजे दादाच्या शेवटच्या वर्षी, आम्ही नाताळ कॉलेजच्या मैदानावर केला. तोवर आमची संगती झाकून-पाकून चालायची. पतंगाच्या कागदाचा मोठा तारा करून कडुनिंबावर टांगला, वसंताने पेटी वाजवली, निम्मं कॉलेज बघायला आलं. फार चांगला दिवस होता तो. पण उजेडात उभं राहिलं की माणूस दिसतो. जानेवारीत कुणीतरी वर तक्रार केली. शांतवन अवचार नावाचा विद्यार्थी मुलांना बाटवतो, आणि सरकारी सवलत घेणारी मुलं तिथे ख्रिस्ती म्हणून बसतात. चौकशीला समाजकल्याण खात्याचे साहेब येणार, तेही गुरुवारी येणार, ही बातमी प्रल्हादने ऑफिसातून ऐकून आणली.

आम्ही गोदामावर गेलो. दादा पोत्याचं तोंड शिवत होता. वसंत म्हणाला, “एवढा गुरुवार बंद ठेवू, दादा.”

“ठेवू की,” दादा म्हणाला. “पण एवढाच गुरुवार कसा? साहेब काय एकच हाये?” त्याने सुतळी दाताने तोडली. “ज्याला भेव वाटतं त्यानं येऊ नये. मी त्याला मागून काही म्हणणार न्हाई, अन् दुसऱ्याला म्हणू देणार न्हाई. मी तेवढा जाऊन बसणार. तिथं कोणी आलं अन् खोली रिकामी दिसली, असं व्हायला नको.”

मी गेलो. खोलीत शिरलो तर बसायला जागा नव्हती. प्रल्हादने वसतिगृहातली मुलं आणून बसवली होती. त्यात बौद्ध होते, मराठ्यांचे होते, कापडाच्या दुकानदाराचा मुलगा होता. काही जण प्रल्हादच्या शब्दासाठी आले होते, काही पेटी ऐकायला, आणि एकदोघे गंमत बघायला. दादाने दारातून ते पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. मग प्रल्हादजवळ जाऊन म्हणाला, “हे तुझं काम.”

“तुम्हीच म्हणले होते ना, दार उघडं हाये म्हणून,” प्रल्हाद म्हणाला.

प्राचार्य आणि साहेब आले तेव्हा गीत चालू होतं. अर्ध्या मुलांना शब्द येत नव्हते. ती नुसतं तोंड हलवत होती. साहेब पन्नाशीचे, चष्मा लावलेले, आवाज मऊ. त्यांनी गीत संपू दिलं. मग विचारलं, “यातले ख्रिस्ती कोण?”

कुणी हललं नाही. दादा पुढे झाला. “मी हाये, साहेब. शांतवन अवचार. मी सवलत घेत न्हाई.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांचं मी सांगणार न्हाई.”

“माहीत नाही, की सांगणार नाही?”

“माहीत हाये. सांगणार न्हाई.” त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. “साहेब, या खोलीत कोण कशाला येतं ते ज्याचं त्याला माहीत. आज तुम्हीबी आले, गीत होईपर्यंत उभे राह्यले. उद्या कोणी मला इचारलं तर मी तुम्हाला ख्रिस्ती म्हणून सांगू का?”

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि प्राचार्यांना म्हणाले, “चला.”

आम्हाला वाटलं, सुटलो. वसतिगृहात त्या संध्याकाळी चहा झाला, प्रल्हादला खांद्यावर घेतलं. दादा त्यात नव्हता. त्याला प्राचार्यांनी बोलावून घेतलं होतं.

तिथे काय झालं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. पुढे पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, प्राचार्यांनीही मला तेच सांगितलं. साहेब फसले नव्हते. तक्रार लेखी होती, तिचं काहीतरी करणं त्यांना भाग होतं. एक तर प्रत्येक मुलाची घरापर्यंत चौकशी, नाही तर तक्रारीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर कारवाई. प्राचार्य वाईट नव्हते, भ्यालेले होते. ते म्हणाले, “अवचार, तू सांग मी काय करू.”

दादाने विचारलं, “तक्रारीत एकच नाव हाये ना?”

“हो. तुझंच.”

“मंग तेवढंच राहू द्या.”

त्याने स्वतःहून कॉलेज सोडलं असं दाखवायचं ठरलं. परीक्षा जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी वसंताने आणि मी ठरवलं की प्राचार्यांकडे जाऊन खरं सांगायचं, की आम्ही ख्रिस्ती असून सवलत घेतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशीच दादा भेटला. तो पुस्तकं परत करायला आला होता. आमच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. त्याने आम्हाला कडुनिंबाखाली नेऊन बसवलं.

“कामून चालले?”

“तुमच्यावर अन्याय होऊन राह्यला, दादा,” मी म्हणालो.

“माझ्यासाठी जात असाल तर जाऊ नका. माझं झालं ते झालं, ते तुमच्या बोलण्यानं माघारी येणार न्हाई. फक्त तुमचंबी जाईल.” वसंत काही बोलू लागला, त्याला त्याने हाताने थांबवलं. “खरं बोलायचं म्हणून जात असाल तर मी आडवा येणार न्हाई. मी कोण? पण आधी घरी जा. आई-बापाला सांगा, मी असं करून राह्यलो. धाकट्या बहिणीला सांगा, तिचीबी सवलत जाईल, शाळा सुटंल. त्यांच्या तोंडाकडं पाहून जर बोलता आलं, तर मंग प्राचार्यांपुढं बोलणं काही अवघड न्हाई.”

मी आष्टीला गेलो. वडील शेतावरच्या कामावरून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले. आमच्या गावच्या मंडळीत ते वडीलधारे. रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा मान त्यांचा. मला वाटलं, ते म्हणतील, जा आणि खरं बोल. त्यांनी विचारलं, “शांतवन काय म्हणला?”

“घरी विचारून ये म्हणला.”

“त्याला बाप न्हाई ना?”

“न्हाई.”

वडिलांनी पंच्याने तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले. “दानिएल, तू शीक,” ते म्हणाले. “तुझं नाव देवाला पाठ हाये. कॉलेजला ठाऊक नसलं तरी चालंल. पण त्या पोराचं हे देणं माझ्यावर राह्यलं बघ.”

मी परत आलो तोवर दादाची खोली रिकामी झाली होती. शहागडची एस.टी. दुपारी होती. स्टँडवर तो एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन बाकावर बसला होता. प्रल्हाद त्याच्या शेजारी. मी वडिलांचं म्हणणं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं, मान हलवली. गाडी लागल्यावर म्हणाला, “गुरुवार चालू ठेवा. अन् दार लावू नका, खोलीत उकडतं.” एवढंच. आम्हा ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा ‘सलाम’ म्हणून तो चढला.

गुरुवार चालू राहिला. प्राचार्यांनी ती खोली आमच्याकडून कधीच काढून घेतली नाही. वसंत पदवीधर झाला, मी झालो. मला आमच्याच परतूर तालुक्यात, आष्टीजवळच्या एका शाळेत नोकरी लागली.

लागल्यावर मी शहागडला गेलो. दादा हायवेवरच्या एका चहाच्या टपरीवर भेटला. ट्रक एकामागून एक पुलाकडे जात होते. तो दिवसा दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचा, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायचा, आणि रविवारी वडिलांसारखा नदीकाठच्या गावांना पायी जायचा. अंगाने वाळला होता. मी पेढे नेले होते. त्याने एक खाल्ला, बाकीचे टपरीवरच्या माणसांना वाटायला लावले. “आमचा मास्तर हाये हा,” असं प्रत्येकाला सांगितलं.

मग आम्ही नदीवर जाऊन बसलो. मी म्हणालो, “दादा, लोक अजून बोलतात, तुम्ही आमच्यासाठी कॉलेज सोडलं.”

तो पाण्याकडे बघत होता. “सोडलं न्हाई रे,” तो म्हणाला. “गेलं. सोडणाऱ्याला वाईट वाटत नसंल. मला वाटतं. अर्थशास्त्र मला लई आवडायचं. अजून शेतात काम करताना सरांचा एखादा तास आठवतो अन् वाटतं, हे इचारायचं राह्यलं.” त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. “तू मनाला लावून घेऊ नको. पण माझं काही गेलंच न्हाई, असंबी कोणाला सांगू नको. गेलं, अन् ते कोणाच्या तरी कामाला आलं. दोन्हीबी खरं हाये.”

पुढे संतपणाच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या, पण एवढं प्रामाणिक बोलणं फार कमी ऐकलं.

दोन-एक वर्षांनी त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध केलं, मग उशिरा जालन्याला मिशनच्या दवाखान्यात आणलं. निरोप मिळताच मी गेलो. खाटेभोवती कॉलेजची मुलं-मुली होती, माझ्या ओळखीची नसलेली. त्या वर्षीची संगती. त्यांनी दादाला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. पाळीपाळीने येऊन बसत होती. दादाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्याने मला ओळखलं. बोलायला त्रास होत होता, तरी एका मुलीकडे बोट करून म्हणाला, “हिला उद्या पेपर हाये. हिला घरी पाठव.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

जुन्या जालन्यातल्या कबरस्तानात त्याला ठेवलं. प्रल्हाद आला होता. तो तेव्हा औरंगाबादला वकिली शिकत होता. वसंताला गीत सुरू करता येईना, ते त्या मुलींनी म्हटलं. माती देऊन माणसं पांगली. त्याची आई मार्थाबाई चिंचेखाली बसून होती. लहानशी, वाळलेली बाई. मी जाऊन तिच्यासमोर बसलो. तिनेच माझा हात हातात घेतला.

“तू मास्तर ना? शांतवन सांगायचा.”

“हो, मावशी.”

“कितवीला शिकवतो?”

“सातवीला.”

“लेकरं ऐकत्यात का?”

“ऐकतात.”

तिने माझा हात सोडला आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. “मंग इथं बसू नको,” ती म्हणाली. “आष्टीची गाडी जाईल. उद्या शाळा असंल तुझी.”

दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी गेलो.